हिरव्या बोर्डामागची तार

सदा,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही, याची महाडात चर्चा चालू आहे. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक सभेत हरकत घेतली, इतिवृत्तातल्या प्रत्येक वाक्यावर वाद घातला, तो माणूस सतरा वर्षे आपल्या हाताखाली काम केलेल्या सहकाऱ्याच्या शोकसभेत तोंड मिटून बसला. तेव्हा तो आता वयाने थकला असावा, असा निष्कर्ष मंडळींनी काढला आहे. कोणी म्हणतात, मला ऐकू येत नाही. मला उत्तम ऐकू येते. त्या दिवशी जे बोलले गेले, ते शब्दन्‌शब्द ऐकले, आणि म्हणूनच मला उठवले नाही.

आता आपल्या टेलिफोन खात्यातल्या निवृत्तांच्या वार्षिकासाठी संपादकांनी तुझ्यावर 'चार ओळी' मागितल्या आहेत. चार ओळींत मावेल असे तुझ्याविषयी माझ्याजवळ काही नाही. शिवाय हा मजकूर त्यांच्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. त्यांनी तो फक्त छापावा. एकही वाक्य गाळू नये, अशी अट मी घातली आहे, आणि माझ्या अटी कशा असतात हे त्यांना ठाऊक आहे.

सभा पेन्शनरांच्या सभागृहात झाली. भिंतीवर पुराच्या तीन रेघा आहेत. सर्वांत वरच्या रेघेच्या जरा वर तुझा फोटो टांगला होता. पहिल्यांदा बोलले आपले निवृत्त मोठे साहेब. त्यांच्या म्हणण्यानुसार, गावागावांची एक्स्चेंजे जोडणाऱ्या ट्रंक लाईन सांभाळणारे सॉफ्टवेअर तू त्यांच्या सूचनेवरून लिहिलेस. हे धादांत असत्य आहे. त्या काळात साहेब महाडला वर्षातून दोनदा येत, आणि दोन्ही वेळा त्यांच्या सूचना जेवणाविषयी असत. त्यांच्यानंतर एक तरुण अभियंता बोलला. तू म्हणे एकांडा प्रतिभावंत होतास, सगळे स्वतःच शिकलास, आणि जुन्या पिढीने तुला विरोध केला. जुनी पिढी म्हणजे मी. पहिल्या रांगेत बसलेलो. सदा, तू स्वतःच शिकलास? माझ्या टेबलाच्या कडेला खुर्ची ओढून तू चार महिने बसत होतास. एका ट्रंकेवर तीस संभाषणे एकाच वेळी कशी जातात, सिग्नल तुटला की आधी काय मरते आणि मग काय, कोणता दिवा खरा बोलतो आणि कोणता उगीच घाबरवतो, हे तुला कोणी सांगितले? प्रतिभा तुझी होती, हे मी कधीच नाकारले नाही. पण तुझी वही भरली ती माझ्या तोंडून ऐकून. आणि विरोध केला तो मी कारणासह केला. विरोध आणि आडकाठी यांतला फरक आजच्या पिढीला समजावून सांगायला मला आता वेळ नाही.

हे दोघे चुकीचे बोलले, पण त्यांना उत्तर देणे सोपे होते. मी काठीवर हात टेकून उठण्याच्या बेतातही होतो. तेवढ्यात आपला तुकाराम उभा राहिला.

तुकाराम म्हणजे पोलादपूरच्या छोट्या एक्स्चेंजचा लाईनमन. त्याचा आवाज आपण दोघांनी वर्षानुवर्षे सकाळचा पहिला आवाज म्हणून ऐकला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी लिहितो. महाडच्या एक्स्चेंजमध्ये सकाळी कामावर येणारा पहिला माणूस चहाला हात लावण्याआधी लाईनवरच्या प्रत्येक गावाला फोन करी. त्याला आपण हजेरी म्हणत असू. पलीकडचा माणूस गावाचे नाव घेई आणि पुढे 'हाय' एवढेच म्हणे. पोलादपूर हाय. झाले, ट्रंक जिवंत आहे, पुढचे गाव. तुकारामाला एवढ्यावर थांबवत नसे. 'पोलादपूर हाय, पाऊस हाय, च्या अजून नाय,' असे तो म्हणे, आणि तू हसून पुढचा नंबर फिरवीस.

तर तो तुकाराम, आता कमरेत वाकलेला, फोटोकडे बघून म्हणाला, "सदासायबांचा मशीन चांगला व्हता. येकदाच खोटा बोलला. पन त्यांनी ती चूक कबूल केली. आसा मानूस नाय व्हनार."

सभागृह गहिवरले. तुझ्या मागे राहिलेल्या सुमनवहिनींनी पदर डोळ्यांना लावला. तुझा मुलगा अमेय मान खाली घालून बसला होता. त्याने मान हलवली. बापाने आयुष्यात एक चूक केली आणि ती मोठ्या मनाने कबूल केली, हे त्याने तरुणपणापासून ऐकले आहे, पचवले आहे, आणि त्याचा त्याला एक प्रकारचा अभिमानही आहे.

मी काठीवरचा हात काढून घेतला. तुकारामाचा शब्द मी खोडून काढायला हवा होता, आणि तो खोडून काढू शकणारा महाडात मी एकटाच माणूस शिल्लक होतो.

म्हणून आता क्रमाने लिहितो. अमेयने हे वाचावे, तुकारामाला कोणीतरी वाचून दाखवावे.

डिजिटल ट्रंका आल्या आणि आपले काम वाढले. तारांचे गुंते गेले, त्यांच्या जागी दिव्यांचे गुंते आले. प्रत्येक यंत्राची नोंद वेगळी, प्रत्येकाची भाषा वेगळी. तू म्हणालास, अण्णा, हे सगळे एका पडद्यावर आणतो. घरी आणि तुझ्या रागाच्या वेळी मी अण्णा असे, कचेरीत साहेब. त्या दिवशी कचेरीत अण्णा म्हणालास, तेव्हाच मी ओळखले की याच्या डोक्याने काहीतरी घेतले आहे.

तू ते सॉफ्टवेअर खंडाखंडांत लिहायचे ठरवलेस. एक खंड धोक्याचे इशारे वाचेल, एक ट्रंकांची हजेरी घेईल, एक फोनना वाट काढून देईल, एक नोंदवही लिहील. मी विचारले, एकच सलग का नाही? तू तुझ्या तुडीलच्या शेतातले उदाहरण दिलेस. भाताची खाचरे असतात तशी, म्हणालास. प्रत्येक खाचराला आपला बांध. एक बांध फुटला तरी बाकीची लावणी वाहून जात नाही, आणि एकच खाचर नव्याने बांधता येते. मी म्हणालो, फुटलेल्या खाचराचे पाणी शेवटी खालच्याच्याच उरावर येते, सावित्रीकाठच्या माणसाला हे मी सांगायला हवे का? तू हसलास. पण त्या रात्री घरी जाऊन तू प्रत्येक दोन खंडांमध्ये एक पडताळणी घातलीस, आणि दुसऱ्या दिवशी मला दाखवलीस. असा माझा विरोध होता. तरुण अभियंत्याने त्याची नोंद घ्यावी.

खरा वाद झाला तो हजेरीच्या खंडावर. तुझा खंड दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक ट्रंकेवर एक खूण पाठवी. खूण परत आली की पडद्यावर, ज्याला तू बोर्ड म्हणत असस, त्या गावापुढे हिरवा ठिपका. माणसाने फोन करायला नको, पलीकडे माणसाने उचलायला नको. मी म्हणालो, खूण परत आली म्हणजे तार जिवंत आहे एवढेच कळते. पलीकडे कोणी आहे हे कळत नाही. तू म्हणालास, आपले काम तार सांभाळायचे आहे, माणसे सांभाळायचे नाही. मी म्हणालो, पलीकडचा आवाज ऐकल्याशिवाय मी कोणतीही ट्रंक जिवंत मानणार नाही. तू म्हणालास, "साहेब, मग तुम्ही मानू नका. बोर्ड मानेल." त्या वाक्याचा मला किती राग आला, आणि तो राग मी किती दिवस जपून ठेवला, हे आज कबूल करतो. पुढे जे झाले त्याच्या मुळाशी निष्काळजीपणा होता. पण नंतर मी जे केले, त्याच्या मुळाशी हा राग होता.

तरीही चार खंड चालू झाले, आणि सुंदर चालले. सकाळची हजेरी बंद झाली. माझ्याच सहीने.

मग तो आषाढ आला. पोलादपूरला नवी दुसरी ट्रंक जोडली होती आणि तिची तपासणी करायला मी स्वतः गेलो, कारण तपासणी इतरांवर सोपवायची माझी पद्धत नव्हती. तुकाराम लावणीसाठी रजेवर होता. रजा मीच दिली होती. आता हजेरी यंत्र घेते, तेव्हा माणूस अडवून कशाला ठेवायचा, असा माझा विचार. एक्स्चेंजमध्ये मी एकटा, बाहेर जीप, जीपमध्ये ड्रायव्हर.

वाचणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे. ट्रंकेची तपासणी करताना दूरच्या टोकाला एक लूप लावतात. म्हणजे दोन बोटे लांबीची एक तार. जाणारी वाट येणाऱ्या वाटेला जोडून टाकायची. मग महाडने पाठवलेली खूण पोलादपूरला पोचते आणि तशीच महाडला परत जाते. महाडला वाटते, उत्तर आले. प्रत्यक्षात तो त्याचाच आवाज असतो. तपासणीपुरते हे ठीक. तपासणी झाली की तार काढायची, नव्या ट्रंकेवरून महाडला फोन लावायचा, आणि दोन्ही टोकांनी एकमेकांचा आवाज ऐकायचा. शिकाऊ माणसाला मी पहिल्या दिवशी शिकवीत असे ते हे.

मी तार लावली. जुन्या लाईनवरून तुला विचारले. तू म्हणालास, "हिरवी आली, साहेब." त्याच क्षणी बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि ओरडून सांगितले की रस्त्यावर पाणी चढते आहे, आता निघालो नाही तर पोलादपुरातच मुक्काम. मी कपाट बंद केले आणि जीपमध्ये बसलो.

एवढेच. तार आतच राहिली.

संध्याकाळी पावसाने जुनी लाईन मेली. तुझ्या तिसऱ्या खंडाने, अगदी शहाण्या मुलासारखे, पोलादपूरचे सगळे फोन नव्या ट्रंकेवर वळवले, कारण ती रिकामी होती आणि निरोगी दिसत होती. पाठोपाठ रस्त्यावर दरड आली. दीड दिवस पोलादपूर आणि वरच्या वाड्या जगाशी बोलू शकल्या नाहीत. तक्रार करायलाही फोन नव्हता आणि यायला रस्ता नव्हता. आणि महाडमध्ये तुझ्या पडद्यावर पोलादपूरपुढे हिरवा ठिपका. दर पंधरा मिनिटांनी.

तिसऱ्या दिवशी सकाळी माती बाजूला झाल्यावर मी गेलो. कपाट उघडले. तार समोर. मला आठवते, मी प्रथम दार बंद केले, मग पुन्हा उघडले. मग तार उपसून खिशात टाकली आणि नव्या ट्रंकेवरून तुला फोन लावला. तू दोन वाक्यांत विचारलेस, काय होते, काय सापडले.

"काही नाही," मी म्हणालो. "आपोआप आली."

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणालास, "बरं."

सदा, या 'बरं'ने मला जितका त्रास दिला तितका आयुष्यात कोणत्याही भांडणाने दिला नाही. आपोआप काही येत नाही, हे तुला मीच शिकवले होते.

त्यानंतर दोन दिवसांनी एक्स्चेंजच्या पायऱ्यांवर गणपत येऊन उभा राहिला. पोलादपूरकडच्या उमरठच्या वरच्या अंगाच्या वाडीचा. मुंबईला एका छापखान्यात कामाला. त्याचा बाप त्या दीड दिवसात गेला होता. पुतण्या चिखलातून पोलादपूरला उतरून दिवसभर बूथवर फोन फिरवीत बसला आणि हात हलवीत परत गेला. पावसाळ्यात प्रेत किती थांबवणार? गणपतला कळले तेव्हा सारे उरकले होते. तो ओरडला नाही. त्याने तुला फक्त पडदा दाखवायला सांगितला. तू दाखवलास. तो त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यो हिरवा हाय, आन माझ्या बापाचा तोंड मना बघाया मिळाला नाय."

तू त्याच्यासमोर हात जोडलेस. मी माझ्या खोलीच्या दारात उभा होतो. तार माझ्या पँटच्या खिशात होती. घरी जाऊन ती काढायचीही मला हिंमत झाली नव्हती. मी पुढे आलो नाही.

वरून विचारणा झाली. अहवाल तू लिहिलास. कारणाच्या रकान्यात: हजेरीच्या खंडातील दोष. तो कागद तू माझ्या टेबलावर सहीला ठेवलास आणि उभा राहिलास. नेहमी तू कागद ठेवून निघून जात असस. त्या दिवशी उभा राहिलास. मी कागद वाचला, सही केली. आणि सही करून वर काय बोललो ते आजवर कोणाला ठाऊक नाही. मी म्हणालो, "सांगितलं होतं ना, आवाज ऐकल्याशिवाय खरं नसतं."

स्वतःच्या चुकीच्या जोरावर मी तुझ्याशी चाललेला वाद जिंकला. नंतर वर्षानुवर्षे, सभांतून, लग्नांतून, निवृत्तांच्या सहलींतून, मी हे उदाहरण देत आलो. यंत्रावर विसंबू नये, आमच्या महाडला एकदा काय झाले, ऐका. लोक मान डोलावीत. तू तिथे असलास तर तूही ऐकत असस.

तुझे सॉफ्टवेअर बंद करण्याचा हुकूम दोन महिन्यांत आला. त्याच्या जागी तयार काहीतरी आले, जे इशारा द्यायला अर्धा तास लावी. तुझी बढती लांबली. मी त्याच वर्षी निवृत्त झालो, आणि माझ्या निरोपसमारंभात भाषण केलेस तू. म्हणालास, अण्णांच्या हातून चाळीस वर्षांत एक तार चुकली नाही. टाळ्या झाल्या. मी शाल सावरली. पंचवीस वर्षे मी या एका वाक्याशी भांडतो आहे. तो उपरोध होता का? उपरोध असता तर मी समजू शकलो असतो; उपरोधाला उत्तर देता येते. पण तुझ्या चेहऱ्यावर तसे काहीच नव्हते. मग ते काय होते, सदा? दया? माझी दया करण्याचा अधिकार तुला कोणी दिला? मी तुझा वरिष्ठ होतो. तू माझ्याशी भांडायला हवे होतेस. टेबलावर हात आपटून विचारायला हवे होतेस. मी नाकारले असते, आपण आठ दिवस बोललो नसतो, आणि नवव्या दिवशी मी कबूल केले असते. मला मी ओळखतो. निदान तशी माझी समजूत आहे.

तू भांडला नाहीस. उलट, मागे महाडात तो मोठा पूर आला आणि तळीयेच्या दरडीची बातमी ऐकून सारा तालुका सुन्न झाला, तेव्हा तुझ्या तळमजल्यावरचे सगळे वाहून गेले होते. मोबाईल चालू झाल्यावर तू पहिले काय केलेस? आपल्या निवृत्त माणसांची यादी घेऊन वरच्या मजल्यावर बसलास आणि एकेकाला फोन केलास. मला केलास तेव्हा मी 'हॅलो' म्हणालो. तू म्हणालास, "हॅलो नको, अण्णा. हजेरी आहे." मी म्हणालो, हाय. तू 'बरं' म्हणालास आणि पुढचा नंबर फिरवलास. तुकारामाला विचारले, तर त्याने तुला चहा झाल्याचेही सांगितले होते. तेव्हा मला वाटले, तू माझे म्हणणे मान्य केलेस. किती मूर्ख असावे माणसाने! जो वाद मी लबाडीने जिंकला होता, त्यात तू मला खरोखरचा विजय देऊन टाकलास, आणि मी तो घेतला.

आता शेवटचे. शोकसभेनंतर चार दिवसांनी अमेय माझ्याकडे आला. हातात तुझी जाड वही. पुरात वाचली, कारण ती माळ्यावर होती. म्हणाला, आजोबा, यातले मला कळत नाही, पण बाबांनी जपून ठेवली होती, तुम्ही बघा. मी चष्मा लावला. पहिला खंड, तुझे ते बारीक अक्षर, आणि शेवटी समासात: अण्णांना दाखवले. पुढे बरोबरची खूण. दुसरा खंड, अण्णांना दाखवले, खूण. तिसरा, चौथा, तसेच. मला बरे वाटले, नाकारत नाही. त्या तरुण अभियंत्याला ही पाने दाखवावीत असे मनात आले.

मग पान उलटले तर पाचवा खंड होता.

पाचवा खंड मी कधी पाहिला नव्हता. वर तारीख होती; ज्या दिवशी मी अहवालावर सही केली त्याच्या आदल्या दिवशीची. खंड छोटा, पण तुझ्या सगळ्या कामात सर्वांत देखणा. दर वेळी वेगळी खूण पाठवायची, आणि पलीकडच्या यंत्राने तिच्या उत्तरादाखल स्वतःची खूण द्यायची. आपलीच खूण जशीच्या तशी परत आली, तर पलीकडे कोणी नाही. तिथे लूप राहिला आहे. म्हणजे काय झाले ते अहवाल लिहिण्यापूर्वीच तुला माहीत होते. कुठे झाले ते माहीत होते. आणि पोलादपूरला त्या दिवशी कोण गेले होते, हे कळायला सॉफ्टवेअर लागत नाही.

त्याखाली तू टीप लिहिली होतीस. ती जशी आहे तशी उतरवतो: 'लूप आढळल्यास लगेच बोर्ड लाल करू नये. ज्याने तपासणी केली त्याला आधी फोन करावा. त्याला स्वतः काढून घेण्याची संधी द्यावी. मग नोंद करावी.'

आणि समासात: अण्णांना दाखवणे.

पुढे खूण नव्हती.

अमेय माझ्याकडे बघत होता. विचारले, काय आहे यात? मी त्याला सांगितले. सगळे, कपाट, हॉर्न, खिसा, 'आपोआप आली'. तो पंचेचाळिशीचा माणूस आहे, त्याने मला मध्येच थांबवले नाही. शेवटी एवढेच म्हणाला, "आजोबा, तुम्ही हे बाबांना सांगायला हवं होतं." मी म्हणालो, त्याला माहीत होते. तो म्हणाला, "तरीही."

त्या एका शब्दासाठी मी हे लिहून छापायला देतो आहे. ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून ती गोष्ट ऐकली, त्यांनी ती यापुढे अशी सांगावी: सदाच्या चार खंडांत दोष नव्हता. बोर्ड खोटे बोलला नाही. त्याला जे ऐकवले गेले ते त्याने सांगितले. तार माझी होती, विसरलो मी, लपवली मी, आणि जे काम वीस वर्षे चालले असते ते दोन महिन्यांत बंद पडू दिले मी. तू अहवालात लिहिलेले कारण खोटे होते. आयुष्यात तू एकच खोटे लिहिलेस आणि त्याच्यावर सही माझी आहे.

गेल्या आठवड्यात मी गणपतकडे जाऊन आलो. घरच्यांनी अडवले, या वयात घाट चढायला निघालात म्हणून सुनेने दार अडवले. मी कोणाचे ऐकत नाही हा माझा एकमेव गुण त्या दिवशी कामाला आला. उमरठपर्यंत गाडी जाते, पुढे वाडीपर्यंत चालावे लागते. गणपत आता मुंबई सोडून गावी असतो. ओटीवर घोंगडी टाकली, पाणी दिले. मी बसल्याबसल्या सांगून टाकले, उभ्याने सांगणे जमले नसते. चष्म्याच्या डबीतून पंचवीस वर्षे सांभाळलेली ती तार काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उचलली, चिमटीत धरून उजेडात बघितली.

मग म्हणाला, "मंग त्यांनी माझ्याफुडं हात कशाला जोडले?"

मी त्याला म्हणालो, हे मलाही विचारायचे राहून गेले.

तो माझ्यावर रागावला की नाही, मला कळले नाही, आणि क्षमेची भाषा आम्हा दोघांपैकी कोणालाच येत नाही. त्याच्या बायकोने चहा आणला. चहा झाल्यावर तो माझ्याबरोबर पाऊलवाटेने खाली आला, एका हाताने माझा दंड धरून. तार त्याने परत दिली नाही, मी मागितली नाही. गाडीत बसताना म्हणाला, "पोचलाव की फोन करा."

महाडला घरी आलो. सून पाणी घेऊन उभी होती, मी तिला थांबवले. चपला पायातच होत्या. फोन लावला. पलीकडे त्याने उचलला, आणि मागे कुठेतरी त्याची बायको कोंबड्यांना हाकलत होती, तेही ऐकू आले.

मी म्हणालो, "महाड हाय."

"हाय," तो म्हणाला. "पोलादपूर पन हाय."

मग मी चपला काढल्या.